ओर्सोलाला मुखवटा नव्हता

फेरारातल्या त्या खाटकाचं तोंड कुणीतरी शिवून टाकायला हवं होतं. कार्निव्हलचे दिवस, धान्यबाजाराची पडवी माणसांनी ठासून भरलेली, पिंपांवर फळ्या टाकून बांधलेला रंगमंच. त्यावर ओर्सोला नायिकेच्या वेषात उभी, समोर नायक गुडघे टेकून. तिनं हात छातीशी नेला आणि म्हणाली, "अरे निर्दया, माझ्या कोवळ्या वयाची तरी दया कर! मी तर अजून न उमललेली कळी..."

"कळी?" मागून खाटीक ओरडला. "बाई, त्या कळीचं लोणचं घालून जमाना झाला!"

झालं! अख्खी पडवी खदाखदा हसली. एक म्हातारी तर हसता हसता बाकावरून खाली घसरली, आणि ती काही ओर्सोलाहून फार मोठी नव्हती, हे सांगून ठेवलेलं बरं.

आता हसू म्हणजे आमच्या धंद्यात देवाचा प्रसाद. पण तो ज्याच्या पानात पडायचा त्याच्याच पानात पडावा. चिक्कू म्हातारा पांतालोने आपटला, हसा. हमाल झान्नीनं रट्टे खाल्ले, हसा. दोत्तोरे पंडितानं चुकीचं लॅटिन बरळलं, पोट धरून हसा. पण नायिका बोलायला लागली की लोकांनी उसासे टाकायचे असतात. नायिकेला लोक हसले की समजावं, बाईचे दिवस भरले. ओर्सोलानं ते भाषण शेवटपर्यंत नेलं, मान ताठ ठेवून आत गेली आणि कपड्यांच्या पेटीआड बसून ढसाढसा रडली.

ही सोंगं कुणा विद्वानानं बसून लिहिली असं समजू नका. बेर्गामोच्या डोंगरातून उतरून व्हेनिसच्या धक्क्यावर ओझी वाहणारे भुकेले हमाल होते, त्यांचा झान्नी झाला. त्याच धक्क्यावरचा कवडीचुंबक व्यापारी, पाय थडग्यात आणि डोळा पोरींवर, तो पांतालोने. बोलोन्याचा पढतमूर्ख तो दोत्तोरे. कुणाला शोधायला कुठं जावं लागलं नाही, सगळे चौकातच उभे होते. चामड्याचा अर्धा मुखवटा ठोकून बनवला, नटाच्या नाकावर चढवला, की माणूस तयार. आणि एकदा चढला की जन्मभर तोच. आमचा तोनिन झान्नी करायचा, त्याचा बाप खराखुरा हमाल होता. पोरगा आपलं सोंग बापाच्या चालीवरून शिकला आणि बाप मरेपर्यंत त्याच्यावर चिडून होता.

लिहिलेलं नाटकही नसायचं. पडद्यामागं एक कागद टांगलेला, त्यावर कोण केव्हा येतो, कोण कुणाला बडवतो आणि शेवटी कुणाचं लग्न लागतं, एवढंच. बोलणं ज्याचं त्यानं आपल्या पोतडीतून काढायचं. वर्षानुवर्षं तेच बोलून ते जिभेवर इतकं बसतं, की समोरच्यानं अमुक म्हटलं की तोंडातून तमुक निघणारच, झोपेतसुद्धा.

मुखवटा मात्र पुरुषांना. नायक आणि नायिका उघड्या तोंडाची, कारण देखणं तोंड झाकायचं कशाला? पुढं नायकाचं पोट सुटलं की त्याला फुशारक्या मारणाऱ्या कप्तानाचा मुखवटा मिळतो आणि त्याची भाकरी चालू राहते. बाईसाठी तशी सोय कुणी केलीच नव्हती. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात. तरुणपणाचंही आणता येत नाही, हे ओर्सोलाला त्या दिवशी खाटकानं शिकवलं.

ती मूळची पादोवाच्या धोबिणीची मुलगी. कंपनी तिथं आली तेव्हा धुतलेल्या कॉलरी पोचवायला पडद्यामागं गेली होती. त्या काळी नायिकेचं काम पोरंच करायची. त्या दिवशी स्त्रीपार्टी करणाऱ्या पोराचा आवाज ऐन प्रेमाच्या प्रसंगात फुटला. 'प्राणनाथा' म्हणताना 'प्राण' कोकिळेचा आणि 'नाथा' बोकडाचा. ओर्सोला हसली ती थांबेचना. तेव्हाचे मालक डाफरले, "इतकं हसू येतंय तर तूच जा!" आणि तिला ढकललं. ती गेली. दुसऱ्या रविवारी पाद्र्यानं चर्चमध्ये तिच्या नावानं खडे फोडले, आणि सोमवारी अख्खं पादोवा तिला बघायला लोटलं. तेव्हापासून तीसेक वर्षं ती क्लारीचे होती. नायिकेचं सोंगातलं नाव ते, आणि गावोगाव तिला त्याच नावानं हाका यायच्या.

क्लारीचे म्हणजे सुखाची नोकरी वाटेल तुम्हाला. डोंबल! गाडीत पुढच्या फळीवर बसायचं, म्हणजे गावात शिरताना लोकांना चेहरा दिसतो. ऊन असो, गारठा असो, मागं पेट्यांवर पाय पसरून बसण्याची मजा मुखवटेवाल्यांची. कांदा-लसूण वर्ज्य, कारण नायक जवळ येऊन उसासे टाकतो. आणि वय? वय कुणी विचारायचं नाही, तिनं सांगायचं नाही. तिला स्वतःलाही ते आठवायला अलीकडे जरा वेळ लागायचा.

पण तिचं रुसव्याचं भाषण! नायक म्हणणार, 'क्लारीचे, एक शब्द!' आणि ती सुरू करणार, 'जा निष्ठुरा, जा!' फेरारातल्या बायका ते भाषण घरी नवऱ्यांवर वापरायच्या.

खाटकाच्या प्रतापाच्या दुसऱ्या दिवशी मालकांनी तिला बाजूला बोलावलं. हे नवे मालक इप्पोलितो, दोत्तोरेचं काम करायचे आणि रंगमंचावरून उतरले तरी त्यांच्या अंगातून तो उतरायचा नाही.

"मावशी," ते घसा साफ करून म्हणाले, "शास्त्र असं सांगतं की प्रत्येक वस्तूला एक ऋतू असतो."

"मालक, शास्त्र राहू द्या. काढताय का मला?"

इप्पोलितो जरा वरमले. "आपली जिनेव्रा तयार झालीय. आज-उद्यापासून तीच क्लारीचे करू दे म्हणतो. कार्निव्हल संपलं की उपासाचे दिवस, कंपनी बंद. ईस्टरनंतर नव्यानं बांधायची. तेव्हा तुमची जागा... म्हणजे मी तरी काय करू? बायकांना मुखवटा नसतो."

"शिवणकाम करीन."

"शिंपी आहे."

"मग जाऊ कुठं?"

"पादोवाला भाऊ आहे ना तुमचा?"

होता. आतड्यांचं कालवण विकायचं दुकान होतं त्याचं, आणि दुकानात भावजय होती. ती भावजय ओर्सोलाला 'नाचरी' म्हणायची आणि समोर ताट ठेवताना असं ठेवायची, की कुत्र्यालाही अपमान वाटावा. तिथं उरलेलं आयुष्य आतडी धुवत काढायचं! माणसं सोडायची, गाडी सोडायची, ती एक वेळ सोडली असती. पण संध्याकाळी लोकांसमोर उभं राहायचं नाही, हे तिला सोसवणार नव्हतं.

ही बातमी झुआनेकाकांना सांगायला ती गेली. झुआनेकाका म्हणजे आमचा पांतालोने, व्हेनिसचे, सत्तरीला टेकलेले. रोज संध्याकाळी तिचा बाप व्हायचे नाहीतर तिच्यावर लाळ गाळणारा म्हातारा, आणि रोज दुपारी तिच्याशी भांडायचे.

"ये, कळी," ते म्हणाले.

"काका, आज थट्टा नको."

"तुला काढलं ना? कळलं मला. आणि मला सोडत नाहीत! लेक बोलावतेय घरी, नातू झालाय, आणि हा पंडित म्हणतो दुसरा पांतालोने मिळेपर्यंत हलायचं नाही. कुठून मिळणार? चांगला पांतालोने काय झाडाला लागतो?" मग ते थांबले आणि तिच्याकडं डोकं तिरकं करून बघत राहिले. बाजारात बैल पाहतात तसं.

"काय झालं? काय बघताय?"

"काही नाही. उंच आहेस गं तू. आणि या सर्दीनं आवाजही छान घोगरा झालाय."

कार्निव्हलच्या शेवटच्या गुरुवारी पडवी दुपारपासूनच भरायला लागली. कापडवाले, कसाई, सगळ्यांच्या पेठा येणार होत्या. आणि ऐन वेळी झुआनेकाका खाणावळीच्या जिन्यावरून गडगडत खाली आले आणि गुडघा धरून असे केकाटले, की शेजारच्या घोड्यांनी दावी ताणली.

"मेलो! गुडघा गेला! आता काही पांतालोने होत नाही माझ्यानं!"

इप्पोलितोंच्या तोंडचं पाणी पळालं. "पांतालोनेशिवाय खेळ? अहो, मग झान्नी चोरी करणार कुणाच्या घरी?"

"ओर्सोला करेल की," काका कण्हत म्हणाले.

"बाई? मुखवट्यात? जगबुडी झाली का?"

"मालक, मुखवट्याला दाढी आहे. आतल्या हनुवटीवर काय आहे ते कोण बघतोय?"

ओर्सोला दारात उभी होती. ती पुढं झाली. "तीस वर्षं यांच्या नाकासमोर उभी राहिलेय. यांना खोकला कुठं येतो, थैली कशी चाचपतात, पोरगी दिसली की कमर कशी सरळ होते, सगळं ठाऊक आहे मला."

इप्पोलितो घामाघूम झाले. "आणि लोकांना कळलं म्हणजे? फेरारात आपली छी थू होईल! कळलं, तर उद्या पहाटे तुम्ही पादोवाच्या रस्त्याला. ईस्टरपर्यंतही थांबायचं नाही."

"कबूल. आणि नाही कळलं, तर?"

"तर... बघू."

"बघू नाही, मालक. नाही कळलं, तर मुखवटा माझा."

बाहेर लोक बाकं बडवायला लागले होते. इप्पोलितोंनी हात जोडले, तिला की नशिबाला कोण जाणे, आणि म्हणाले, "तुमचा! चला आता!"

तिनं लाल विजारमोजे चढवले, काळा झगा टाकला, सपाता घातल्या. मुखवटा हातात घेतला. गरुडासारखं नाक, आतून काकांच्या तीस वर्षांच्या घामानं काळाकुट्ट झालेला. तोंडाशी नेला तर लसणाचा असा भपकारा आला, की तिचे डोळे पाणावले. तिनं दाढी बांधली आणि गेली.

आणि काय सांगू! पहिल्या खोकल्याला लोक हसले. थैली चाचपली, हसले. झान्नी झालेल्या तोनिननं पाठीमागून झग्यात हात घातला आणि तिनं न बघताच त्याच्या बोटांवर सपात मारली, तर लोक गडबडा लोळले. तिच्या अंगात वारं शिरलं. इतकी वर्षं पायघोळ घागऱ्यात पाऊल मोजून टाकलेलं. आता तिनं उडी मारली, तंगडी झाडली, नाक खाजवलं. बाईला रंगमंचावर नाक खाजवायला मिळतं का कधी? पडद्याआडून इप्पोलितो बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत येत होता.

मग आला रुसव्याचा प्रसंग. क्लारीचे झालेली जिनेव्रा एका बाजूला पाठ फिरवून उभी. पांतालोने, म्हणजे तिचा बाप, पिंपाआड लपून चोरून ऐकतोय. नायकाचं काम करणारा औरेलिओ गुडघ्यावर बसला, हात पसरले आणि कळवळून म्हणाला,

"क्लारीचे, एक शब्द!"

जिनेव्रानं श्वास घेतला. पोर हुशार, पण श्वास जरा लांब घ्यायची. आणि तेवढ्यात पिंपाआडून, खणखणीत आवाजात, आलं,

"जा निष्ठुरा, जा!"

ओर्सोलाच्या तोंडून. तीस वर्षांची सवय! समोरून तो शब्द आला आणि तिची जीभ आपसूक सुटली. आमच्याच लोकांच्या हातून होणारी चूक ही. लिहिलेलं वाचणाऱ्या माणसाला असली चूक जमायची नाही.

पडद्याआड इप्पोलितोंनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. औरेलिओ बिचारा, त्याचीही सवयच. तो गुडघ्यावरच वळला आणि पिंपाकडं तोंड करून हात पसरून बसला. भावजयीचं दुकान, आतड्यांची बादली, सगळं ओर्सोलाच्या डोळ्यांसमोर आलं. गप्प बसावं, तर चूक उघडी पडणार. तिनं विचार केला, बुडायचंच तर तरंगत बुडू. ती पिंपाआडून बाहेर आली, दाढी थरथरवत, हात छातीशी नेऊन, आणि सगळं भाषण म्हणाली.

"जा निष्ठुरा, जा! ज्या डोळ्यांनी तुला पाहिलं, ते आंधळे होते. ज्या कानांनी तुझं ऐकलं, ते बहिरे होते. आणि हे मन? ते राहू दे तुझ्याकडंच. एकदा फसून दिलेली वस्तू मी मागून घेत नसते!"

जिनेव्रा तोंड उघडं टाकून बघत होती. मग त्या पोरीनं कमरेवर हात ठेवले, आणि या एका गोष्टीसाठी तिचे शंभर लांब श्वास माफ. ती म्हणाली, "बाबा! हे तुम्हाला कसं हो येतं?"

ओर्सोलानं सावकाश तिच्याकडं बघितलं. काकांसारखीच खोकली.

"तुझी आई मला असंच म्हणाली होती, बाळे. तेव्हापासून पाठ आहे."

मग पडवी जी कोसळली! टोप्या उडाल्या, बाकं आपटली. बायका मात्र हसता हसता रुमालानं डोळे पुसत होत्या, कारण त्या चिक्कू थेरड्यालाही कधीकाळी कुणीतरी 'जा' म्हटलं होतं, हे कुणाच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आणि त्या गलक्यातून तोच खाटीक बाकावर चढून ओरडला,

"वा रे म्हाताऱ्या! त्या लोणच्याच्या बरणीपेक्षा तूच झकास म्हणतोस!"

ओर्सोलाला असं हसू आलं, की मुखवटा नाकावरून घसरायला लागला. तिनं तो हातानं दाबून धरला आणि पांतालोने लाजून तोंड लपवतोय असं दाखवून आत पळाली. त्यावरही टाळ्या पडल्या.

खेळ संपल्यावर खाटीक हातात जाडजूड सॉसेज घेऊन मागं आला. मुखवटा काढून लालबुंद तोंडानं ओर्सोला दाराशीच वारा घेत होती. त्यानं तिला "सरका बाई" म्हणून बाजूला केलं आणि स्टुलावर पाय ठेवून बसलेल्या झुआनेकाकांच्या हातात ते सॉसेज ठेवलं. "बाबा, आज रडवलंत," तो म्हणाला. काकांनी मोठ्या मनानं ते ठेवून घेतलं.

मंगळवारी कार्निव्हलच्या शेवटच्या दिवशी चौकात नाच झाला. भर उन्हात, ढोलावर, सगळ्यांच्या मधोमध झुआनेकाका पोरीबाळींबरोबर गिरक्या घेत होते. ओर्सोला त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काका! गुडघा?"

"अगं बाई!" काका नाचतच म्हणाले. "कोणता सांगितला होता गं मी? डावा की उजवा?"

तिनं त्यांना मारायला हात उचलला आणि गळ्यात पडली. बुधवारी काका गाठोडं घेऊन लेकीकडं निघाले. जाताना मुखवटा तिला द्यायचा विसरले असं झालं नाही. तो पहाटेच तिच्या उशाशी ठेवलेला होता, आतून लसूण चोळून.

ईस्टरनंतर गाडी मांतोव्याकडं निघाली. ओर्सोला सवयीनं पुढच्या फळीपाशी गेली. तिथं जिनेव्रा ताठ बसलेली, केसांत रिबिनी, नाक गारठ्यानं लाल.

"मावशी, तुम्हाला बसायचंय का इथं?" पोरीनं विचारलं.

"नको गं. बस तू. मान दुखेल हां, सांगून ठेवते." आणि ती मागं जाऊन पेट्यांवर चढली. तोनिननं जागा करून दिली, भाकरी मोडून दिली आणि तिच्यापुढं एक कच्चा कांदा धरला. मग त्याला आठवलं आणि तो जीभ चावून हात मागं घ्यायला लागला.

ओर्सोलानं कांदा हिसकावून घेतला, मांडीवर ठेवून बुक्कीनं फोडला आणि मोठा घास घेतला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ती चावत राहिली, पाय पसरले, सपाता काढून टाकल्या.

तोनिन तिच्याकडं बघत होता. त्याला धीर आला असावा. "मावशी," तो म्हणाला, "एक विचारू? रागावणार नाही ना? वय काय हो तुमचं, खरं?"

पुढं इप्पोलितोंनी बैल हाकता हाकता कान टवकारले. जिनेव्रा वळून बघायला लागली.

"त्रेपन्न!" ओर्सोला तोंडातल्या कांद्यासकट, रस्त्याकडेच्या शेतातल्या माणसांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आणि येत्या वर्षी चौपन्न होणार. बघते मला कोण अडवतो ते!"